भाकरी फुगेपर्यंत : चुकत-माकत शिकायची रीत

"किती पाणी घालू?" असं मी आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "पीठ मागंल तेवढं." मळू किती वेळ? "हाताला कळतंय की रं." तवा किती तापवू? "पाण्याचा शिपका मारून बघ." तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि आकडा एकातही नाही. मी सोलापूर जिल्ह्यातला, ज्वारीवर वाढलेला माणूस. चौतिसाव्या वर्षी पुण्यातल्या भाड्याच्या घरात पहिल्यांदा परातीसमोर बसलो आणि थापलेली भाकरी उचलायला गेलो, तर अर्धी हातात, अर्धी परातीत.

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज भाकरी केली आणि रोज बिघडवली. सोळाव्या दिवशीची भाकरी पहिल्या दिवशीइतकीच वाईट झाली, तेव्हा मात्र खटकलं. करत राहिलं की येतं असं सगळेच सांगतात, मग मला का येईना? उत्तर सापडायला एक दोनशे पानी वही लागली. एखादी गोष्ट करून बघत शिकायची असेल तर ती कशी, ते त्या वहीच्या आधारानं खाली लिहितोय. उदाहरण ज्वारीच्या भाकरीचं आहे, कारण तिच्यातल्या चुका मी मोजून केल्यात.

आधी शब्द नीट लावून घ्या

‘करून बघतो’ या दोन शब्दांत आपण नाना तऱ्हा कोंबतो. माझे पहिले पंधरा दिवस म्हणजे निव्वळ चाचपडणं होतं, अंधारात भिंतीवर बटण शोधावं तसं. पाणी किती? अंदाजपंचे. पीठ किती? दोन ओंजळी, बहुधा. हा खटाटोप झाला, आणि ओट्यावर सांडलेलं पीठ बघितलेल्यांच्या मते उपद्व्याप. प्रयोग म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

चाचपडण्यापासून येण्यापर्यंतच्या वाटेवर मराठीत शब्द ठरलेले आहेत. आधी अटकळ बांधायची: ‘पाणी कमी पडत असावं.’ मग ती अजमावायची, म्हणजे पाणी वाढवून बघायचं. मग पडताळा घ्यायचा: पुन्हा केलं तर पुन्हा तेच होतं का? तीनचारदा जुळलं की त्याचा ठोकताळा होतो. आणि ठोकताळा डोक्यातून बोटांत उतरला की लोक म्हणतात, हात बसला. माझी गाडी अटकळीवरच अडली होती. रोज नवी अटकळ आणि पडताळा एकीचाही नाही. शिकायला बसलेल्या बहुतेकांचं इथंच फसतं असं माझं मत आहे. मेहनतीत कुणी कमी पडत नाही.

डी.एड., बी.एड. केलेल्यांना यावर ‘प्रयत्न-प्रमाद’ हा शब्द आठवेल, आणि त्यासोबत थॉर्नडाइकची मांजरं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर लाकडी पेटाऱ्यात कोंडायचं, खाणं बाहेर ठेवायचं. आत एखादी दोरी किंवा खिट्टी, ती ओढली किंवा दाबली की दार उघडतं. मांजर ओरबाडे, चावे, फटींतून पंजे घाली, आणि त्या धडपडीत केव्हातरी खिट्टीला धक्का लागे. पुन्हा कोंडलं की पुन्हा धडपड, पण हळूहळू निरुपयोगी हालचाली गळत गेल्या आणि सुटायचा वेळ कमी होत गेला. त्याच्या आलेखातली रेघ जिन्यासारखी नेमानं उतरत नाही. मध्येच वर उसळते, पुन्हा खाली येते. माझ्या वहीतही तसंच झालं, म्हणून हे सांगून ठेवतो: काल फुगलेली भाकरी आज फुगली नाही तर विद्या उडून गेली असं समजू नका.

‘प्रमाद’ शब्द मात्र मला पटत नाही. प्रमाद म्हटलं की हातून पाप घडल्यासारखं वाटतं, प्रायश्चित्त शोधावंसं वाटतं. ‘चुकत-माकत’ बरा. त्यात चालणं आहे. आणि ‘प्रयोग’ त्याहून बरा, कारण मराठीत तो प्रयोगशाळेत असतो तसा नाट्यगृहातही असतो. नाटकाचा तीनशेवा प्रयोगही प्रयोगच. संहिता तीच, नट तेच, पण आज कसं रंगेल ते पडदा उघडल्याशिवाय कळत नाही.

चूक किती महाग पडते ते बघा

ही पायरी लोक वगळतात. करून बघत शिकायला प्रत्येक विद्या सारखी सोयीची नसते. एका भाकरीला मी ८० ग्रॅम पीठ घेतो, म्हणजे किलोभर पिठात बारा चुका बसतात. तव्यावर टाकल्यापासून तीन-चार मिनिटांत निकाल हातात. बिघडली तरी दुधात कुस्करता येते, फोडणीला टाकता येते. चूक स्वस्त, लगेच दिसणारी आणि खाऊन टाकण्याजोगी! शिकणाऱ्याला याहून काय हवं?

कैरीच्या लोणच्याचं तसं नाही. मीठ कमी पडलं की बरणीचा ओलावा जिरला नव्हता, हे पावसाळ्यात बुरशी दिसल्यावर कळतं, आणि तोवर कैऱ्यांचा हंगाम गेलेला असतो. पुढचा प्रयत्न पुढच्या वर्षी. अशा ठिकाणी प्रयोग लहान करून घ्यायचा: दहा किलोंची एक बरणी भरण्यापेक्षा पाव-पाव किलोच्या चार. उकडीचे मोदकही वर्षातून एकदाच चतुर्थीला केले तर ते दर वर्षी पहिल्यांदाच केल्यासारखे होतात. आठ दिवस आधी चार-चार मोदकांची तालीम करा, सारण नसलं तरी चालेल.

आणि काही ठिकाणी करून बघायचंच नाही. गॅसची गळती, विजेचं बोर्ड, औषधाची मात्रा, रानातली ओळखू न येणारी आळंबी. तिथं पुढच्यास ठेच लागली की मागच्यानं मुकाट्यानं शहाणं व्हावं.

पाया पक्का करा, मग हलवा

प्रयोग करायचा तर आधी एक ठरलेली कृती लागते. ती उत्तम नसली तरी चालेल, रोज तीच असली पाहिजे. माझी पायाची कृती ही:

ज्वारीचं पीठ ८० ग्रॅम, काट्यावर मोजून. वाटी नको, कारण पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर वाटीतलं वजन बदलतं. पाणी ७० मिली, खळखळ उकळतं, चिमूटभर मीठ. पाणी पिठावर ओतून उलथण्याच्या दांड्यानं कालवायचं, दहा मिनिटं झाकायचं. मग तळहाताच्या टाचेनं रगडून पाच मिनिटं मळायचं, लागेल तसा पाण्याचा हात घेत. गोळा करायचा, परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायचा, साधारण सात इंच. उचलून तव्यावर टाकताना परातीकडची पिठाळ बाजू वर येऊ द्यायची. तिच्यावर लगेच पाणी फिरवायचं. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. दुसरी बाजू खरपूस होऊ द्यायची. मग तवा बाजूला घेऊन भाकरी थेट आचेवर ठेवायची, पहिल्यांदा तव्याला लागलेली बाजू खाली. फुगली तर इथं फुगते.

उकळतं पाणी का, हे कळलं की पुढच्या निम्म्या चुका समजतात. गव्हाच्या कणकेला ग्लुटेनचा चिवटपणा असतो, ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचं पीठ धरून ठेवायचं काम स्टार्चला करावं लागतं, आणि ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढं गेला की पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो. आपण त्याला उकड काढणं म्हणतो. मुरलेल्या हाताच्या बायका ताज्या पिठाची भाकरी गार पाण्यातही करतात, पण नवशिक्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वही : आणि तिच्यात ‘फोन’ असं का लिहावं

वही स्वयंपाकघरातच ठेवा. मोबाइलमध्ये नोंदी करू नका, पिठाचे हात मोबाइलला लावायचा कंटाळा येतो आणि नोंद राहून जाते. दोरीनं बांधलेली पेन्सिल उत्तम. माझ्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा:

‘भाकरी ४. पाणी ७० उकळतं. झाकून १० मि. मळणं २ मि. थापताना कडेला पाच चिरा. उचलताना तुटली नाही. फुगली नाही.’

‘भाकरी ५. सगळं तेच. मळणं ५ मि. चिरा दोन, लहान. एका बाजूनं फुगवटा, मग फुस्स.’

‘भाकरी ६. पाचसारखीच. चिरा दोन. फुगवटा आला, फुस्स झाली.’

यातली सहावी ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यात नवीन काही केलेलं नाही. पाचव्या वेळी मळण्यानं चिरा कमी झाल्या असं वाटलं, तो योगायोग नव्हता हे सहाव्या वेळी कळलं. पडताळा म्हणतात तो हाच. नवशिक्याला तो कंटाळवाणा वाटतो. ‘तेच परत काय करायचं?’ तेच परत करायचं, कारण एकदा घडलेल्या गोष्टीवर घर बांधता येत नाही.

मग मी एक शहाणपणा केला. एका दुकानात ‘खास भाकरीसाठी’ म्हणून जाड लोखंडी तवा मिळाला, तो आणला. येताना गिरणीतून ताजं पीठही दळून घेतलं. त्या उत्साहात पाणीही ८० मिली केलं. भाकरी ९ टम्म फुगली. आईला फोटो पाठवला, तिनं अंगठा पाठवला. लगेच दहावी टाकली, ती पोळपाटासारखी सपाट.

नववी फुगली कशानं? तवा, पीठ की पाणी? तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं ते कळेना. आणि दहावी बसली कशानं, तेही कळेना. पुढचे चार दिवस मी उलटा प्रवास केला. जुना तवा, ७० मिली पाणी, नवं पीठ: तीनपैकी दोन फुगल्या. नवा तवा, ७० मिली पाणी, जुनं पीठ: एकही नाही. जुना तवा, ८० मिली पाणी, जुनं पीठ: नाहीच, वर हाताला चिकटली. म्हणजे करामत पिठाची होती. जुनं पीठ पाकिटातलं, दळून दोन महिने झालेलं. तवा आणला नसता तरी चाललं असतं, पण आता वाईट वाटून उपयोग नव्हता.

राहिली दहावी. पीठ नवं असून ती का बसली? वहीत त्या ओळीच्या शेवटी एकच शब्द होता: ‘फोन’. अंगठा पाठवल्यावर आईनं फोन केला होता. मी बोलत बसलो आणि तव्यावर भाकरीवरचं पाणी कोरडं ठक्क झालं. उलटेपर्यंत वरच्या बाजूला भेगा पडल्या होत्या, वाफ तिथून निसटली. म्हणून सांगतो, क्षुल्लक वाटणारं लिहा. पाऊस होता, पंखा चालू होता, गॅस सिलिंडर संपत आला होता, फोन आला. यातलं काय कामाचं ते लिहिताना कळत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

वरची गोष्ट वाचून हा नियम तुम्हीच केला असेल. तो पाळायची सोपी युक्ती शेतकऱ्यांकडून घ्या. नवं खत अजमावायचं असलं की जाणता शेतकरी ते सगळ्या रानात टाकत नाही. दोन सऱ्या तशाच सोडतो, आणि त्या रानाच्या मधल्या सोडतो, बांधाकडच्या नाही, कारण बांधाकडंचं पीक तसंही वेगळं येतं. मालदांडी ज्वारीचं एम ३५-१ हे वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढलेलं. निवड म्हणजे तरी काय? एका रानात शेजारी-शेजारी पेरून, बघून, चांगलं ठेवणं आणि बाकीचं सोडणं.

स्वयंपाकघरात याचं रूप असं: एकाच उकडीचे दोन गोळे करा. पहिला नेहमीसारखा, दुसऱ्यात एक बदल. पीठ एकच, दिवस एकच, मूड एकच, त्यामुळं फरक दिसला तर तो बदलाचाच. एक भाकरी आज आणि दुसरी परवा केली, तर मध्ये हवा बदलते, पीठ दोन दिवस जुनं होतं, आणि आपल्याला आठवतं ते सोयीचं.

चूक वाचायला शिका

इथं थोडा वेळ काढा. ‘बिघडली’ हा निकाल झाला, त्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही. कुठं, केव्हा आणि कशी बिघडली ते विचारा.

थापतानाच कडेला चिरा पडतात: तीन संशयित. मळणं कमी, पाणी कमी, किंवा पिठाची विरी गेलेली. विरी म्हणजे पिठाचा अंगचा चिकटपणा. दळून जुनं झालं, उन्हात-दमटात राहिलं की तो जातो आणि मग ‘पिठाला विरी नाही’ म्हणतात. तिघांना वेगळं कसं करायचं? चिरलेला गोळा पुन्हा घ्या, आणखी दोन मिनिटं नुसता मळा. चिरा गेल्या तर मळणं कमी होतं. नाही गेल्या तर पाण्याचा हात लावून मळा. तरीही कडा फुटतातच, तर पीठ बघा. जिभेवर चिमूट ठेवा, कडवट लागलं तर पीठ गेलं. ज्वारीच्या दाण्यात तेल असतं, दळल्यावर ते हवेला लागतं आणि खवट होतं. मी पंधरा दिवसांपुरतंच दळून आणतो, उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवतो. ज्वारी शाळू असेल, म्हणजे रब्बीची, तर भाकरी गोड आणि मऊ होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या काळ्या रानात जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येणाऱ्या याच रब्बी पिकाला.

थापताना परातीला चिकटते: खाली पीठ कमी, किंवा उकड सैल. आधी पीठ वाढवून बघा. पण कोरडं पीठ फार झालं तर ते भाकरीला चिकटून राहतं, पाणी फिरवलं तरी निघत नाही आणि भाजल्यावर पांढरट, पिठूळ लागतं. माझ्या भाकरी १४ आणि १५ अशाच, चुन्यात लोळवल्यासारख्या.

तव्यावर टाकताना तुटते: हा बहुतेकदा हाताचा दोष, पिठाचा नाही. बोटांनी चिमटीत उचलू नका. एका तळव्यावर परात कलती करून भाकरी सरकवून घ्या, बोटं पसरलेली ठेवा. मी आधी रिकाम्या तव्यावर, गॅस बंद ठेवून, तोच गोळा सातआठदा थापून टाकला. गोळा पुन्हा मळता येतो, फुकटची तालीम होते. अवघड कृतीतला एक तुकडा सुटा काढून तेवढाच घोटणं हे तबला शिकणाऱ्यांना कुणी सांगावं लागत नाही. स्वयंपाकघरात आपण विसरतो.

पाणी लावल्यावर भेगा पडतात: तवा फार तापलेला, किंवा उलटायला उशीर. थेंब टाकून बघा. माझ्या तव्यावर थेंब चुर्र करून लगेच उडाला की मी भाकरी टाकतो. थेंब मोत्यासारखा पळत सुटला तर गॅस कमी करून जरा थांबतो. तुमच्या तव्याची खूण थोडी वेगळी असेल, ती वहीतून काढा.

फुगत नाही: सगळ्यांना याचीच घाई. भाकरी फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेनं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. वर-खाली दोन पापुद्रे धरलेले असतील आणि वाफेला कुठं फट नसेल, तर ती पदर सोडवते. म्हणजे न फुगलेल्या भाकरीत फट शोधायची. सुईएवढं भोक, नखाची खूण, कडेची चीर, मध्ये जाड आणि कडेला पातळ थापणं. भाकरी डोळ्यांसमोर दिव्याकडं धरून बघा, पातळ जागा उजेडात कळतात. माझी सारखी उजव्या बाजूनं फुस्स व्हायची. दहा नोंदींनंतर लक्षात आलं की थापताना अंगठ्याचा जोर एकाच जागी पडतो आणि भाकरी मी पुरेशी फिरवत नाही.

फट नाही तरी फुगत नाही, तर पहिली बाजू तव्यावर जास्त शेकली गेली का ते बघा. ती कडक झाली की ताणायला नकार देते.

फुगते, पण कडक होते: आच मंद आणि वेळ जास्त, पाणी उडून गेलं. अर्थात कडक भाकरी आमच्या सोलापुरात मुद्दाम करतात, पातळ थापून, कुरकुरीत भाजून, दिवसेंदिवस टिकणारी. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती दुकानातून विकत घेतात लोक. माझ्या बावीस क्रमांकाच्या चुकीला कुणी तरी पाकिटात घालून विकतं, हे कळल्यावर मी ती फेकायची बंद केली.

कधी थांबायचं, कधी विचारायचं

एकाच जागी सलग पाच-सहा प्रयत्न अडले तर सातवा करू नका, कुणाला तरी दाखवा. करून बघणं म्हणजे एकट्यानंच करून बघणं असं कुणी ठरवलेलं नाही. पण दाखवायला जाताना ‘माझी भाकरी जमत नाही’ असं सांगू नका, त्यावर ‘जमेल हळूहळू’ एवढंच मिळतं. वही उघडा आणि म्हणा, ‘पाणी इतकं, मळणं इतकं, चीर इथं पडते.’ आईला मी असं सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा नेमकं उत्तर दिलं: "दहा मिनटं कशापायी झाकतूस? निवतंय ते. हाताला सोसंल इतकं गरम असतानाच मळ." झाकायची वेळ पाच मिनिटं केली. दोन गोळ्यांचा पडताळा घेतला. तिचं बरोबर निघालं.

व्हिडिओ बघून शिकता येतं का? थोडं येतं. तव्यावर टाकायची मनगटाची लय मी तशीच उचलली. पण व्हिडिओत चुकलेल्या भाकरी नसतात, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं.

आकडे कधी सोडायचे, हाही प्रश्न आहे. साधारण साठाव्या भाकरीच्या सुमारास मी पाणी ओतताना मोजपात्राकडं बघत नव्हतो. सवयीनं मोजलं तर ७४ मिली भरलं. त्या पिठाला तेवढंच लागत होतं. पावसाळ्यात तेच पीठ कमी पाणी घ्यायला लागलं, तेव्हा आकडा धरून बसलो असतो तर चिकटली असती. ठोकताळा ओलांडून जाता आला की काटा कपाटात ठेवा. वही मात्र राहू द्या.

दिवाळीनंतर आई पुण्याला आली. माझ्याच पिठाची भाकरी करायला बसली. मी शेजारी उभा, काहीशा परीक्षकाच्या थाटात. तिच्या पहिल्या भाकरीला थापतानाच कडेला चीर गेली. तिनं चिरेकडं बघितलं, गोळा मोडला, दोन बोटं पाण्यात बुडवून चार थेंब टाकले, पुन्हा रगडलं. "नवं हाय न्हवं पीठ, बघावं लागतंय," एवढंच म्हणाली. मी जे चार दिवसांत आणि सात नोंदींत केलं होतं, ते तिनं वीस सेकंदांत केलं. भाकरी चेंडूसारखी फुगली. वहीत नोंद आहे: ‘आई १. चीर. पाण्याचे चार थेंब. टम्म.’

आता थंडी पडलीय, म्हणून बाजरी सुरू केली. ज्वारीचे ठोकताळे तिला चालत नाहीत. बाजरीत तेल जास्त, पीठ फार लवकर कडू होतं, त्यामुळं आठवड्यापुरतंच दळायचं. गोळा लगेच थापायचा, मळून ठेवला की बिघडतो. वरून तीळ लावायचे तर थापता थापताच, नाहीतर तव्यावर गळतात. वहीचं नवं पान काढलंय आणि पहिली ओळ लिहून झालीय: ‘बाजरी १. पाणी कोमट. तव्यावर टाकताना दोन तुकडे. तीळ ओट्यावर.’